सीएसआरचं काम नव्यानं अंगावर आलंय? पहिल्या वर्षाचा क्रम असा लावा

ऑडिट आटोपतं, ताळेबंदावर सह्या होतात आणि सीए जाता जाता सांगतात, "यंदा तुम्ही सीएसआरमध्ये बसलात बरं का." सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी: ठरावीक आकडा गाठणाऱ्या कंपनीनं नफ्यातला काही भाग समाजाच्या कामांवर खर्च करायचा, असा कायदा आहे. मोठ्या उद्योगसमूहांत यासाठी वेगळा विभाग असतो. मध्यम कारखान्यात मात्र हे काम एचआर, अकाउंट्स किंवा अ‍ॅडमिन यांपैकी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. माझ्याकडे ते असंच आलं. तेव्हा मी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत, दोनेकशे कामगारांच्या कारखान्यात अ‍ॅडमिन बघत होतो. हा लेख त्याच खुर्चीवर नव्यानं बसलेल्यांसाठी आहे.

कलमं सांगण्याआधी आमचं पहिलं वर्ष सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्यातून शिकलो. जानेवारी उजाडला तरी पैसे तसेच पडून होते. कुणीतरी सुचवलं, शेजारच्या गावात पाण्याचा प्रश्न आहे, आरओ बसवू. बोअरचं पाणी खारट होतं हे खरंच होतं. साडेसहा लाखांचा प्लांट बसला, पत्र्याची खोली झाली, वीस लिटरला पाच रुपये असं ठरलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फीत कापली, फोटो काढले, हिशेब पूर्ण झाला. पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा त्या गावात गेलो तर खोलीला कुलूप. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली, मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) क्षारांनी बसलेली, आणि प्लांटचं वाया जाणारं पाणी ज्या कोपऱ्यात सोडलं होतं तिथे वाळलेल्या चिखलात शेळ्या बसलेल्या. डोक्यावर हंडा घेतलेल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबा, किल्ली कुणाकडं हाय एवढं तरी सांगून जायचं व्हतं."

त्या दिवसापासून प्रत्येक प्रस्तावाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: किल्ली कुणाकडे राहणार? म्हणजे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी ही वस्तू चालवणार कोण, बिल भरणार कोण, बिघडली तर कुणाला फोन जाणार. ही गोष्ट आमच्यापुरती नव्हती. २०२० साली संसदेत मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी सरकारी शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांची पाहणी आहे. तपासलेल्या बांधकामांपैकी ७२ टक्के ठिकाणी आत वाहतं पाणीच नव्हतं. बांधण्याचा पैसा होता, पाण्याचा आणि झाडलोटीचा विचार झाला नव्हता.

आधी आकडा पक्का करा

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगेच मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारं कंपनीचं मूल्य) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी रेघ गाठली वा ओलांडली तरी कंपनी त्यात येते. मध्यम कारखाने बहुतेक वेळा तिसऱ्या रेघेमुळे येतात. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची.

समजा तीन वर्षांचा नफा ४, ६ आणि ८ कोटी आहे. सरासरी ६ कोटी, म्हणून सीएसआरची रक्कम १२ लाख. इथे नवखा माणूस हमखास चुकतो: तो नफा-तोटा पत्रकाचा शेवटचा, कर वजा केलेला आकडा उचलतो. कायद्याला अभिप्रेत असलेला नफा कलम १९८ प्रमाणे काढलेला आणि करापूर्वीचा असतो. म्हणून हा आकडा सीएंकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. एक, वर्षाची रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त नसेल आणि 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात (त्याबद्दल पुढे येईल) काही रक्कम नसेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, तिचं काम संचालक मंडळच करतं. समिती नाही म्हणून धोरण आणि ठराव लागत नाहीत असं मात्र नाही. दोन, या खर्चाला आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजावट मिळत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. तेव्हा १२ लाखांत काय बसतं याचा अंदाज जीएसटीसकट धरा. कोटेशन "प्लस टॅक्स" असतं आणि आपण ते विसरतो.

कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंतच धरता येतो. आपल्या उदाहरणात ६० हजार. प्रकल्पातल्या शिक्षिकेचं मानधन किंवा पाहणीचा खर्च या ५ टक्क्यांत मोजत नाहीत, तो प्रकल्पाचाच खर्च असतो.

काय बसतं आणि काय बसत नाही

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात विषयांची यादी आहे: भूक, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, रोजगाराची कौशल्यं, स्त्रिया आणि अनाथांसाठी वसतिगृहं, पर्यावरण, वारसा जतन, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती निवारण वगैरे. यादी ऐसपैस आहे, तिच्यात अडकायला होत नाही. अडकायला होतं ते खालच्या गोष्टींत.

आपल्याच कामगारांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी बसत नाही. गणेशोत्सवात किंवा मॅरेथॉनमध्ये कंपनीच्या नावाचा बॅनर लावून दिलेलं प्रायोजकत्व ही जाहिरात आहे, ती मार्केटिंगच्या खात्यात टाका. दुसऱ्या एखाद्या कायद्यानं जे करणं भागच आहे तेही बसत नाही. कारखान्याच्या परवानगीत अमुक झाडं लावा अशी अट असेल तर ती झाडं अटीत गेली. आणि कर्मचाऱ्यांनी रविवारी श्रमदान केलं तर फार चांगलं, पण त्यांच्या तासांचे पैसे लावून तो आकडा खर्चात दाखवता येत नाही.

इथे एक माझं मत, कायद्यात नसलेलं. गावात पैसा घेऊन जाण्याआधी आपल्या कुंपणाच्या आत एक फेरी मारा. कंत्राटी कामगारांचा पीएफ वेळेवर भरला जातो का, प्रेसवरच्या माणसाच्या हातात मोजे आणि मशीनला गार्ड आहे का, मागच्या भिंतीखालून नाल्यात काय जातं? ज्या नाल्याचं पाणी काळं झालं त्याच नाल्याकाठच्या शाळेला आपण बाकं दिली, तर गाव बाकं घेईल, पण आपल्याशी मोकळं बोलणार नाही. आणि मोकळं बोलणं मिळालं नाही तर पुढची पायरी चढताच येत नाही.

गावात तीनदा जा, पहिल्यांदा रिकाम्या हातानं

कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. ते सोयीचंही आहे, कारण मोटारसायकलवर वीस मिनिटांत जाता येईल अशा ठिकाणचं काम खरोखर बघितलं जातं.

पहिल्या भेटीत काहीही कबूल करू नका. सरपंचांना भेटा, चहा घ्या, ते देतील ती यादी लिहून घ्या. त्या यादीत बहुधा कमान, सभामंडप आणि हायमास्ट दिवा असेल. रागावू नका, त्यांना पाच वर्षांत दिसणारं काम हवं असतं. दुसरी भेट सकाळी सातला ठेवा, पाणी भरायच्या वेळी, आणि बायकांशी बोला. शक्यतो आपल्या कंपनीतली एखादी महिला सहकारी बरोबर न्या. माझ्याशी ज्या दोन वाक्यांत बोलल्या त्याच बायका आमच्या स्टोअर्समधल्या ताईंशी तासभर बोलत बसल्या. तिसरी भेट शाळा, अंगणवाडी आणि आशाताई यांच्यासाठी. गावात कुणाच्या घरी काय दुखतंय हे आशाताईंइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शाळेत गेलात की मागणी स्मार्ट टीव्हीची येईल. तेव्हा मुख्याध्यापकांना हळूच विचारा, "सर, शाळेचं वीजबिल कोण भरतं?" जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत हाच खरा प्रश्न असतो. एका शाळेत या एका प्रश्नानंतर टीव्हीची मागणी मागे पडली आणि छतावर छोटा सोलर संच बसला. त्यावर पंखे चालू झाले, टीव्ही नंतर पालकांनीच वर्गणी काढून आणला.

तीन भेटींनंतर दोन-तीन कामं समोर दिसू लागतात. ती ग्रामसभेत मांडायला सांगा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा आहेत, त्यातली जवळची पकडा. शाळेचं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घ्या. ठरावाच्या कागदापेक्षा त्या सभेत झालेली भांडणं जास्त कामाची असतात. जागा कुणाची, पाइप कुणाच्या बांधावरून जाणार, हे सगळं तिथे बाहेर पडतं, आणि सिमेंट पडण्याआधी बाहेर पडलेलं बरं.

आर्थिक वर्ष आणि शेतीचं वर्ष यांची गाठ घाला

हा भाग सावकाश वाचा, कारण ग्रामीण कामं सर्वांत जास्त इथे फसतात. आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं. गावाचं वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं.

पाझर तलावातला गाळ काढण्याचं काम घ्या. महाराष्ट्रात लहान कंपनीला पेलण्याजोगं आणि गावाला मनापासून हवं असणारं असं हे काम आहे. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली याच धर्तीवर सुरू झाली: यंत्राचा खर्च एकानं करायचा, गाळ शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं ट्रॅक्टरनं उचलून रानात पसरायचा. हिशेब सोपा आहे. एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटर पाण्याची जागा झाली. दहा हजार घनमीटर म्हणजे एक कोटी लिटर. शिवाय मुरमाड रानावर काळी माती पडते ती वेगळीच.

पण हे काम करायला मिळतात फक्त दोन महिने. तलावाचं पाणी आटतं मार्चच्या अखेरीस, एप्रिलमध्ये तळ कोरडा होतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव किंवा मान्सून येऊन पोकलेन चिखलात रुततो. जिची मंजुरी मेमध्ये आली ती कंपनी एक वर्ष हुकली.

म्हणून उलट मोजत या. पोकलेन १० एप्रिलला तलावात उतरायला हवा. त्याआधी पंधरा दिवस शेतकऱ्यांची यादी तयार हवी: कोण किती ट्रॉल्या नेणार, ट्रॅक्टर कुणाचा, रस्ता कुठून. यंत्र भाड्यानं चालू आहे आणि ट्रॅक्टर आलेच नाहीत तर तासाचा दर उभ्या-उभ्या जळतो. त्याआधी तलाव ज्या खात्याचा आहे, मग ते जलसंधारण असो वा जिल्हा परिषद, त्यांची लेखी परवानगी आणि किती खोल खोदायचं याची खूण हवी. मूळ तळाखाली गेलात तर पाणी धरणारा थर फुटू शकतो, आणि वाळू निघाली तर तिला हातही लावायचा नाही. हे सगळं पाठीमागे मोजलं की संचालक मंडळाचा ठराव जानेवारीत यावा लागतो.

ठराव जानेवारीत आणि खर्च एप्रिल-मेमध्ये, मग आर्थिक वर्षाचं काय? यासाठीच 'चालू प्रकल्प' ही सोय आहे. मंडळानं तो तसा मंजूर केला आणि काम याच वर्षी सुरू झालं, म्हणजे कामाचा आदेश निघाला किंवा कंत्राट दिलं गेलं, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत 'अनस्पेंट सीएसआर' नावाच्या वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्च करायची. बहुतेक नवख्यांना ही सोय माहीत नसते, म्हणून ते मार्चमध्ये घाईघाईनं सायकली वाटतात. चालू प्रकल्प नसलेली उरलेली रक्कम मात्र ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीसारख्या ठरलेल्या निधीत भरावी लागते. तेही चुकलं तर दंड आहे, भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं जे कमी असेल ते.

जोडीदार संस्था निवडताना

काम स्वतः करा किंवा संस्थेमार्फत करा, दोन्ही चालतं. संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी असावी, आयकराची १२ए आणि ८०जी ही नोंदणी असावी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक असावा. तो क्रमांक नसेल तर बोलणं पुढे नेऊ नका, संस्था कितीही ओळखीची असो.

कागद झाले की एक दिवस त्यांच्या जुन्या कामावर जा. त्यांनी दाखवलेल्या गावात नव्हे, त्यांच्या अहवालातलं तीन वर्षांपूर्वीचं एखादं गाव तुम्ही निवडा. तिथली किल्ली कुणाकडे आहे ते बघा. लहान संस्थांचे अहवाल कधी कधी साधे, हातानं लिहिलेले असतात, त्यावरून त्यांना नाकारू नका. उरळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बाएफ ही ग्रामविकासाची संस्था गायींच्या गोठ्यांपासून सुरुवात करूनच देशभर पोहोचली. माणसं गावात राहतात का, हे बघा.

पैसे एकरकमी देऊ नका. आम्ही चार हप्ते करतो: करार झाल्यावर ३० टक्के, साहित्य आल्यावर ३०, काम पूर्ण झाल्यावर ३० आणि शेवटचे १० टक्के सहा महिन्यांनी, वस्तू चालू असल्याचं बघून. हा शेवटचा हप्ता नेमका कुठल्या आर्थिक वर्षात पडतो ते आधीच बघा आणि कामाला तशी मंजुरी घ्या. आणि हे नीट लक्षात असू द्या: ३० मार्चला संस्थेच्या खात्यात पैसे गेले म्हणजे खर्च झाला असं होत नाही. संस्थेनं ते कामावर वापरले तरच तो सीएसआरचा खर्च. दिलेला पैसा ठरल्याप्रमाणे वापरला गेला, असं प्रमाणपत्र आपल्या वित्तप्रमुखांना सहीनिशी द्यावं लागतं. त्यांना सही करताना धीर वाटेल अशी बिलं, मोजमापं आणि फोटो तुम्ही फाइलला लावायचे.

हस्तांतर, म्हणजे किल्ली

सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेच्या, लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा सीएसआर क्रमांक असलेल्या न्यासाच्या ताब्यात जाते. हस्तांतराचं पत्र सगळेच करतात. मी त्याला आणखी एक पान जोडायला लागलो, साध्या मराठीत: चालवणाऱ्याचं नाव, महिन्याला अंदाजे खर्च किती, तो कुठून येणार, बिघडलं तर कुणाला बोलवायचं, आणि दोन किल्ल्या कुणाकुणाकडे.

आमचा तो आरओ दुसऱ्या वर्षी पुन्हा सुरू झाला. मेम्ब्रेन बदलली, थकबाकी पंचायतीनं भरली, आणि प्लांट चालवायला गावातल्या बचत गटाच्या दहाजणींनी घेतला. वीस लिटरला सात रुपये झाले. वाढलेल्या दरावर कुणी कुरकुर केली नाही, कारण भिंतीवर दर महिन्याचा जमाखर्च खडूनं लिहिलेला असतो: वीज इतकी, फिल्टरसाठी बाजूला इतके, मानधन इतकं. वाया जाणारं पाणी पाइपनं नेऊन भांडी आणि गुरं धुण्यासाठी टाकीत सोडलंय. या सगळ्याचा खर्च पहिल्या प्लांटच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आला.

राहिलेले कागद झटपट: मंडळानं मंजूर केलेलं धोरण आणि प्रकल्पांची यादी वेबसाइटवर टाका, संचालकांच्या अहवालाला सीएसआरचा वार्षिक अहवाल जोडा, सीएसआर-२ फॉर्म कंपनी सेक्रेटरींकडून भरून घ्या. परिणामांचं स्वतंत्र मूल्यमापन मागच्या तीन वर्षांत सीएसआरची रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त असलेल्या मोठ्या कंपन्यांना सक्तीचं आहे, आपल्याला नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दर एप्रिलला सेक्रेटरींबरोबर तासभर बसा.

मात्र सक्ती नसली तरी पाऊस संपल्यावर एक फेरी चुकवू नका. ऑक्टोबरमध्ये दोरी, टेप आणि वही घेऊन जा. गाळ काढला असेल तर तलावाखालच्या पाच विहिरींचं पाणी कितीवर आहे ते विहिरीच्या मालकासमोर मोजा, आणि मार्चमध्ये मोजलेल्या आकड्याशेजारी त्याच्याच हातानं लिहून घ्या. वही गावात ठेवा, तुम्ही फोटो काढून आणा.